एकुलत्या एक फोनवर प्रयोग कुणी करायचा?

दिलसुखनगरच्या मेट्रो स्थानकाचा जिना उतरून चैतन्यपुरीकडे चालू लागलं की मोबाइलची दुकानं संपता संपत नाहीत. मागच्या गल्ल्यांत वसतिगृहं आणि क्लासेस दाटीवाटीने उभे आहेत. तेलंगणच्या जिल्ह्यांतून आलेल्या मुलामुलींबरोबर नांदेड, देगलूर, मुखेडकडची मराठी मुलंही तिथे राहतात. पगार सुरू झाला की घरच्यांसाठी पहिली मोठी खरेदी बहुधा फोनचीच होते. इतकी वर्षं दुकानदाराला विचारायचे प्रश्न ठरलेले होते : कॅमेरा कसा, बॅटरी किती, हप्ता किती. आता त्यात एकाची भर पडली आहे : आत सिस्टीम कुठली आहे?

याला निमित्तही तसंच घडलं. ८ जुलै २०२५ रोजी 'एआय प्लस' या भारतीय ब्रँडने दोन फोन आणले. 'पल्स' ४,९९९ रुपयांपासून आणि 'नोव्हा ५जी' ७,९९९ रुपयांपासून. रिअलमीचा भारतातला कारभार पूर्वी सांभाळलेले माधव शेठ यांची ही कंपनी. फोनच्या किमतीइतकाच गाजावाजा झाला तो त्यातल्या 'नेक्स्टक्वांटम ओएस'चा. भारतात घडवलेली, वापरणाऱ्याची माहिती भारतातच ठेवणारी सिस्टीम, अशी तिची ओळख करून देण्यात आली.

असा फोन घ्यावा की घेऊ नये, यावर दोन प्रामाणिक मतं असू शकतात. ती मी मामा आणि भाची यांच्या तोंडी घातली आहेत. मामा बँकेतून निवृत्त झालेले, नोकरीच्या निमित्ताने हैदराबादला आले आणि इथलेच झाले. भाची हायटेक सिटीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते आणि दिलसुखनगरच्या वसतिगृहात राहते. अशी मामा-भाची या भागात अनेक घरांत भेटतील. फोन घ्यायचा आहे तो मुखेड तालुक्यात राहणाऱ्या तिच्या आईसाठी, म्हणजे मामांच्या ताईसाठी.

भाची : मामा, आईसाठी फोन पक्का केलाय. पाच हजारांच्या आत आहे, स्क्रीन मोठी आहे, सिस्टीम आपल्याकडची आहे. तुम्ही हो म्हणालात की आजच मागवते.

मामा : किमतीचं नंतर बघू. ताई त्या फोनवर काय काय करते, ते आधी सांग.

भाची : व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूबवर कीर्तन, बचत गटाचे पैसे, गॅसचं बुकिंग. खरिपात आणि रब्बीत ई-पीक पाहणी.

मामा : तिथेच थांब. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून सगळ्या राज्यात सुरू झाली. पूर्वी तलाठी पिकांची नोंद करायचा, आता शेतकऱ्याने स्वतः करायची. ताई बांधावर उभी राहते, गट नंबर निवडते, पीक आणि क्षेत्र भरते, उभ्या पिकाचा फोटो काढते. फोटो त्याच शेतातला आहे का, हे फोन जागेवरून ओळखतो. ती नोंद सातबाऱ्यावर गेली नाही, तर पुढे विमा, नुकसानभरपाई, हमीभावाने विक्री, सगळीकडे अडतं. त्या नोंदीला मुदत असते. ऐन मुदतीत फोनने साथ सोडली, तर ताईने काय करायचं?

भाची : म्हणजे नवीन काही घ्यायचंच नाही?

मामा : घ्यावं की. पण फोन घेणं हे शेत घेण्यासारखं आहे. जमीन कितीही काळीभोर असो, शेतापर्यंत जायला पाणंद आहे का हे जाणता माणूस आधी बघतो. वाट दुसऱ्याच्या शेतातून जात असेल, तर त्याने काटी टाकली की आपलं पीक रानातच राहतं. सिस्टीम ही जमीन झाली. बँकेचं अ‍ॅप, व्हॉट्सअ‍ॅप, सरकारी अ‍ॅप ही वाट. ती दुसऱ्यांच्या ताब्यात असते.

भाची : हे तुम्ही भीतीपोटी बोलताय.

मामा : अनुभवावरून बोलतोय. मोझिलाची फायरफॉक्स ओएस घे. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सने 'क्लाउड एफएक्स' आणला, १,९९९ रुपयांना. दोन हजारांच्या आत स्मार्टफोन! त्यात रॅम होती फक्त १२८ एमबी. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने फोनचा नाद सोडत असल्याचं जाहीर केलं. सॅमसंगने टायझनवर चालणारा 'झेड १' जानेवारी २०१५ मध्ये ५,७०० रुपयांना आणला. दोन-अडीच वर्षांत ती मालिका आटोपली. ब्लॅकबेरीचा 'झेड १०' तर २०१३ मध्ये ४३,४९० रुपयांचा होता, त्याचीही तीच गत झाली. म्हणजे स्वस्त घेणारा फसला आणि महाग घेणारा वाचला, असंही झालं नाही.

भाची : त्या तिघांना बाजार समजला नाही, असं म्हणू या.

मामा : मग मायक्रोसॉफ्टचं काय? तिच्याकडे पैसा कमी होता की माणसं? नोकियाचा फोनधंदा तिने विकत घेतला. आपल्या बेगमपेटच्या हैदराबाद पब्लिक स्कूलमध्ये शिकलेले सत्या नडेला फेब्रुवारी २०१४ मध्ये तिचे प्रमुख झाले. जुलै २०१५ मध्ये त्यांनी या व्यवहारापायी सुमारे ७.६ अब्ज डॉलर बुडीत खाती टाकले आणि ७,८०० नोकऱ्या कमी केल्या. फोन वाईट होते का? लुमिया हातात धरल्यावर छान वाटायचा, स्वस्तातलाही अडखळत नसे. पण यूट्यूबचं धड अ‍ॅप नव्हतं. मायक्रोसॉफ्टने स्वतः बनवलं, तर २०१३ मध्ये गूगलने ते बंद पाडलं. नोटाबंदीनंतर ३० डिसेंबर २०१६ ला भीम अ‍ॅप आलं, आधी अँड्रॉइडवर, पुढे फेब्रुवारीत आयफोनवर. विंडोज फोनवाले वाट बघत राहिले. ३१ डिसेंबर २०१९ ला त्यांचं व्हॉट्सअ‍ॅपही थांबलं. फोन चालू, बॅटरी चालू, आणि माणूस मात्र सगळ्या ग्रुपांच्या बाहेर.

भाची : नडेलांचं पुढचं वाक्य तुम्ही सोडलंत. २०२३ मध्ये एका मुलाखतीत त्यांनीच मान्य केलं, की फोनमधून बाहेर पडण्याचा निर्णय वेगळ्या पद्धतीने हाताळता आला असता. ज्याने दार लावलं त्यालाच नंतर चुकल्यासारखं वाटलं.

मामा : त्यांना वाटलं असेल. लुमिया घेतलेल्याचे पैसे परत आले नाहीत.

भाची : बरं, आता माझं ऐका. तुम्ही बंद पडलेल्यांची यादी वाचलीत. त्यातून उगवलं काय, ते मी सांगते. फायरफॉक्स ओएसचा कोड खुला होता. त्यातून कायओएस झाली, आणि २०१७ चा जिओफोन तिच्यावर आला. १,५०० रुपये अनामत, तीही परत मिळणारी. दहा कोटींहून जास्त जिओफोन खपले. आपल्याच गावात कितीतरी जणांनी पहिल्यांदा इंटरनेट बघितलं ते त्यावर. सुरुवातीला त्यात व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, लोक नावं ठेवत होते. सप्टेंबर २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपला यावं लागलं, कारण एवढी माणसं त्या फोनवर होती. आधी माणसं आली, मग वाट झाली. टायझन सॅमसंगच्या टीव्हीत आजही चालते.

मामा : त्याच जिओफोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप २०२५ च्या सुरुवातीला बंद झालं, हेही सांग.

भाची : सांगते ना. पण सहा वर्षं चाललं. तेवढ्या किमतीत सहा वर्षं कमी आहेत का? आणि अँड्रॉइडचं तरी काय होतं? २००८ मध्ये त्याचा पहिला फोन आला, तेव्हा भारतात नोकियाची चलती होती. तेव्हाच्या मामांनी भाच्यांना हेच सांगितलं असेल, की असली नवीन सिस्टीम टिकत नसते, नोकियाच घे.

मामा : हा मुद्दा खरा आहे.

भाची : मराठी माणसाने तर विसरू नये असं एक उदाहरण आहे. आयआयटी मुंबईच्या तीन जणांनी, राकेश देशमुख आणि त्यांच्या मित्रांनी, इंडस ओएस उभी केली. २०१५ मध्ये ती मायक्रोमॅक्सच्या 'युनाइट ३'मध्ये आली. मराठीसह कितीतरी भारतीय भाषांत ती चालायची. आलेला मेसेज एका बाजूला बोटाने सरकवला की त्याचा अनुवाद समोर यायचा, दुसऱ्या बाजूला सरकवला की लिपी बदलायची. त्यांच्या अ‍ॅप बाजारातून अ‍ॅप घ्यायला ई-मेलचा पत्ता लागत नसे. आईसारख्या माणसाचं सगळ्यात मोठं अडायचं ते तिथेच. ई-मेल काढायचा कुणी, पासवर्ड लक्षात ठेवायचा कुणी? कॅलिफोर्नियात बसून हे कुणाला सुचलं नसतं. ज्यांच्या घरी अशा आया-मावश्या आहेत, त्यांनाच सुचलं.

मामा : त्या मुलांचं कौतुक मलाही आहे. पण आज ती सिस्टीम कुठल्या फोनमध्ये मिळते?

भाची : सिस्टीम म्हणून नाही मिळत. फोनपेने ती कंपनी घेतली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यातून इंडस अ‍ॅपस्टोअर आलं. पण मराठी कीबोर्ड, मराठी मेनू या गोष्टी आज कुठल्याही फोनवर सहज दिसतात, त्यामागे अशा लोकांनी लावलेली चुरस आहे. चुरस नसेल तर दोन कंपन्या ठरवतील ती पूर्व दिशा. गूगलने फोनवाल्यांकडून करारच लिहून घेतले होते, की अँड्रॉइडमध्ये फेरफार करून स्वतःची आवृत्ती काढाल, तर तुमच्या बाकीच्या फोनवरही आमची अ‍ॅप मिळणार नाहीत. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ ला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला आणि असली आडकाठी घालू नका असं बजावलं. मार्च २०२३ मध्ये अपिलात काही निर्देश रद्द झाले, दंड मात्र कायम राहिला. कायद्याने दार उघडलं, मामा. आता आपणच आत जायचं नाही म्हटलं, तर त्या निकालाचा उपयोग काय?

मामा : दंडाच्या त्या आदेशानंतर तीन महिन्यांत आयआयटी मद्रासने पाठबळ दिलेली 'भारओएस' आली. जानेवारी २०२३ मध्ये दोन केंद्रीय मंत्र्यांनी ती चालवून दाखवली. माझ्या शेजाऱ्यांनी तेव्हा दुकानात जाऊन विचारलं होतं, तो फोन आलाय का? ती सिस्टीम होती गोपनीयता कडकपणे पाळावी लागणाऱ्या संस्थांसाठी. तुझी ही नवीन सिस्टीम तरी नेमकी काय आहे? मुळापासून वेगळी?

भाची : नाही. खाली अँड्रॉइड १५ आहे, प्ले स्टोअर आहे. म्हणजे आईची सगळी अ‍ॅप त्यावर येतील. तुमची पाणंद शाबूत आहे. वेगळेपण वरच्या थरात आहे. कुठलं अ‍ॅप माइक, कॅमेरा, ठिकाण वापरतंय ते एका जागी दिसतं. नको असलेली अ‍ॅप आधीपासून कोंबलेली नाहीत, असं कंपनी सांगते. आणि माहिती भारतातल्या सर्व्हरवर.

मामा : सर्व्हर कुणाचे?

भाची : गूगल क्लाउडचे. भारतातले.

मामा : मग आपलं घर आपल्या गावात, पण किल्ल्या गूगलकडेच, नाही का?

भाची : किल्ल्या कुणाकडे हे करारावर आणि कायद्यावर ठरतं. माहिती देशात असली की निदान इथला कायदा तिला लागू करणं सोपं जातं. पण मान्य आहे, पूर्ण स्वावलंबन याला म्हणता येणार नाही. पहिली पायरी म्हणा.

मामा : पहिल्या पायरीला माझी हरकत नाही. माझा प्रश्न पुढच्या पायऱ्यांचा आहे. चल, दुकानात जाऊ. तुझा फोन तिथे नसेल, पण दुसऱ्या फोनवर तुला एक गोष्ट दाखवतो.

(दुकानात मांडून ठेवलेला एका नामांकित कंपनीचा आठ हजारांचा फोन मामांनी हातात घेतला. सेटिंग्ज उघडली, अगदी तळाशी 'फोनविषयी' वर गेले, अँड्रॉइडच्या आवृत्तीवर बोट ठेवलं. 'सुरक्षा अपडेट' अशी एक ओळ आली आणि तिच्यासमोर तारीख. ती सात महिन्यांपूर्वीची होती. मग प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातल्या गोल चित्राला हात लावला, तिथून सेटिंग्ज, तिथून 'माहिती'. खाली 'प्ले प्रोटेक्ट प्रमाणन' या शीर्षकाखाली लिहिलं होतं की हे उपकरण प्रमाणित आहे.)

मामा : या दोन ओळी वाचल्याशिवाय फोन घ्यायचा नाही. प्रमाणित नसलेल्या फोनवर काही बँकांची अ‍ॅप उघडतच नाहीत. पैशांचं अ‍ॅप फोन आणि सिमकार्ड यांची गाठ बांधतं, आणि फोनवर त्याचा भरवसा नसेल तर गाठ मारतच नाही. दुसरी ओळ तारखेची. गूगल वेळोवेळी सुरक्षेतल्या फटी जाहीर करतं. त्या जाहीर झाल्या की चोरालाही कळतात. फोन बनवणाऱ्याने त्या आपल्या प्रत्येक मॉडेलसाठी बुजवून, तपासून पाठवायच्या. हे काम वर्षानुवर्षं पगारी माणसांकडून करून घ्यावं लागतं. पाच हजारांच्या फोनमध्ये त्या पगाराचे पैसे कुठून येणार? कंपनी नवी आहे. २०२८ मध्ये ताईच्या फोनला अपडेट पाठवायला ती असेल का, हा माझा प्रश्न आहे.

भाची : पण मामा, तुमच्याच हातातला फोन जुन्या, मोठ्या कंपनीचा आहे आणि तारीख सात महिने मागची आहे! म्हणजे जुनी कंपनी हीसुद्धा हमी नव्हे. महागड्या पिक्सेलला आणि गॅलेक्सीला सात वर्षं अपडेटचं वचन मिळतं. स्वस्त फोन घेणाऱ्याच्या बँक खात्यात पैसे कमी असतात म्हणून चोराला तो नकोसा होतो का?

मामा : हे तू बरोबर पकडलंस.

भाची : युरोपात २० जून २०२५ पासून नियम आहे, की मॉडेलची विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षं अपडेट द्यायचे. आपल्याकडे खोक्यावर कमाल किरकोळ किंमत छापणं बंधनकारक आहे. अपडेट कुठल्या तारखेपर्यंत मिळणार, ती तारीख त्याच्याच शेजारी का छापत नाहीत? मग नवी कंपनी आणि जुनी कंपनी यांची तुलना नावावरून न होता कागदावरून होईल. नव्याला तेवढीच संधी हवी असते.

मामा : हा नियम आला तर पहिल्यांदा मी टाळ्या वाजवीन. पण आज तो नाही, आणि फोन आज घ्यायचाय.

भाची : सगळ्यांनी "आधी टिकू दे, मग घेऊ" म्हटलं तर टिकेल कसं? कुणीतरी पहिलं व्हायलाच लागतं.

मामा : व्हायला लागतं. फक्त ते कोण, एवढाच माझा तुझा वाद आहे. नव्या सिस्टीमचे प्रयोग आपल्याकडे कुणावर झाले ते बघ. दोन हजार, पाच हजार, सहा हजारांचे फोन. म्हणजे ज्याच्या घरात एकच फोन आहे, ज्याला तो चार-पाच वर्षं पुरवायचाय, त्याच्यावर. प्रयोग फसला तर कंपनी तोटा लिहून मोकळी होते. त्या माणसाचा कुणी हिशेबही ठेवत नाही. धोका तुझ्यासारखीने घ्यावा. तुझ्याकडे ऑफिसचा लॅपटॉप आहे, एक फोन आहे, वसतिगृहात तुझ्यासारख्याच मुली आहेत. फोन अडला तर तू रात्रीतून पुसून पुन्हा उभा करशील. ताई कुणाकडे जाईल?

भाची : (थोडं थांबून) आमच्या कामातलं एक सांगते. अ‍ॅपमधलं एक बटण बदललं तरी ते आम्ही वेगवेगळ्या फोनवर, वेगवेगळ्या आवृत्त्यांवर तपासतो. तिसरी सिस्टीम आली तर अ‍ॅप जवळजवळ नव्याने लिहायचं आणि सगळी तपासणी पुन्हा करायची. मॅनेजर पहिला प्रश्न विचारतो, त्यावर गिऱ्हाईक किती आहेत? गिऱ्हाईक नाहीत म्हणून अ‍ॅप नाही, अ‍ॅप नाही म्हणून गिऱ्हाईक नाही. हा फास एकटं गिऱ्हाईक फोन विकत घेऊन सोडवू शकत नाही, हे मलाही कळतं.

मामा : मग सोडवणार कोण?

भाची : चीनमध्ये कसा सुटला ते बघा. २०१९ मध्ये अमेरिकेने निर्बंध घातले आणि ह्युआवेच्या नव्या फोनना गूगलची अ‍ॅप मिळेनाशी झाली. त्यांनी हार्मनीओएस काढली. आधी अँड्रॉइडची अ‍ॅप चालू ठेवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या आवृत्तीत अँड्रॉइडचा आधार काढून टाकला. तोपर्यंत तिथल्या मोठ्या अ‍ॅपवाल्यांनी त्या सिस्टीमसाठी स्वतंत्र अ‍ॅप बनवायला घेतली होती. सगळा देश एका कंपनीमागे उभा करण्याची ती पद्धत मला नको आहे. पण क्रम बघण्यासारखा आहे. आधी वाटा बांधल्या, मग माणसांना तिकडे नेलं.

मामा : आपल्याकडेही हे जमतं. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'यूपीआय १२३पे' सुरू केलं. साध्या बटणांच्या फोनवरून, नुसता कॉल करून पैसे पाठवता येतात. तिथे अँड्रॉइड, आयओएस काही लागत नाही. बँकांनी मनावर घेतलं तर सिस्टीमची अट सुटते, याचा तो पुरावा आहे.

भाची : मग तेच म्हणते मी! ई-पीक पाहणी, बँकेचं काम, योजनांचे अर्ज ब्राउझरमध्ये नीट चालतील असे बनवा. फोटो, ठिकाण या दोन्ही गोष्टी ब्राउझरला घेता येतात. सरकारने स्वदेशी सिस्टीमचं कौतुक करायचं आणि स्वतःचं अ‍ॅप मात्र प्ले स्टोअरवरच ठेवायचं, याने नवी सिस्टीम कशी उभी राहणार?

मामा : आता आपण दोघं एका बाजूला आलो.

भाची : सगळंच नाही हं. मुळापासून नवी सिस्टीम आणि अँड्रॉइडवर चढवलेला नवा थर यांना तुम्ही एकाच मापाने मोजताय. दुसरी जोखीम पहिलीपेक्षा खूप कमी आहे.

मामा : कमी आहे, मान्य. पण शून्य नाही. ताईला विचारलंस का एकदा तरी?

(भाचीने तिथूनच आईला फोन लावला. आईने दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कुठल्या देशाचा हाय ते तुमी बघा. अक्षर मोठं पायजे. गटाच्या मीटिंगच्या दिवशी बंद पडायला नगं. आन् पडलाच बंद, तर मुखेडच्या दुकानात त्याचा काच मिळाला पायजे. मागल्या वेळी नांदेडला दोन चकरा झाल्या.")

भाची : काच मिळेल का, हे मी बघितलंच नव्हतं.

मामा : मीही अपडेटचं बोलत बसलो. ज्याला वापरायचाय त्याला आधी विचारायला हवं होतं.

इथे मी दोघांना थांबवतो आणि माझं मत सांगतो.

भाचीचं म्हणणं मला मोलाचं वाटतं. फोनची सिस्टीम आज व्यवहाराची, ओळखीची, शेतीच्या नोंदीची जागा झाली आहे. ती जगातल्या दोनच कंपन्यांच्या मर्जीवर असणं देशाच्या हिताचं नाही. इंडस ओएसने दाखवून दिलं, की आपल्या माणसांची अडचण आपल्यातल्या माणसांना आधी दिसते. अशा प्रयत्नांना गिऱ्हाईक मिळायलाच हवं.

पण ते गिऱ्हाईक म्हणून मुखेडच्या बाईला पुढे करणं मला पटत नाही. ज्या घरात एकच फोन आहे आणि त्या फोनवर बचत गट, बँक आणि सातबारा अवलंबून आहे, तिथे प्रयोग नको. अशा घरासाठी फोन घेताना दुकानात उभं राहूनच पाहावं : प्ले स्टोअरमध्ये प्रमाणन दिसतं का, सुरक्षा अपडेटची तारीख किती जुनी आहे, अपडेट किती वर्षं मिळणार हे कंपनीने लेखी सांगितलं आहे का, आणि तालुक्याच्या गावी दुरुस्ती होते का. या चार गोष्टी जुळत असतील तर सिस्टीम नवी असली तरी फोन खुशाल घ्यावा. त्यातली एक जरी जुळत नसेल तर नाव कितीही मोठं असो, तो फोन ठेवून द्यावा. नव्या-जुन्याचा भेद इथे दुय्यम आहे.

ज्यांच्याकडे दुसरा फोन आहे, ज्यांना फोन पुसून पुन्हा उभा करता येतो, महिनाभर एखादं अ‍ॅप नसलं तरी ज्यांचं अडत नाही, त्यांनी मात्र नव्या सिस्टीमचा फोन जरूर घ्यावा. त्यातले दोष कंपनीला कळवावेत, मराठीत कुठे काय चुकतं ते सांगावं. हैदराबाद आणि पुण्यात सॉफ्टवेअरवर पोट असलेली मराठी माणसं कमी नाहीत. या क्षेत्राने त्यांना जे दिलं, त्याची परतफेड करायची ही एक चांगली जागा आहे.

आणि सगळ्यात मोठा वाटा बँकांनी आणि सरकारांनी उचलायला हवा. नागरिकाला जे काम करणं भाग आहे, ते विशिष्ट कंपनीच्या दुकानातून अ‍ॅप घेतल्याशिवाय होत नाही, अशी स्थिती राहता कामा नये. महाराष्ट्र सरकारने सुरुवात ई-पीक पाहणीपासून करावी. ती कुठल्याही फोनच्या ब्राउझरमध्ये चालू करावी, आणि प्रत्येक फोनच्या खोक्यावर अपडेटची शेवटची तारीख छापायला लावावी, असा आग्रह केंद्राकडे धरावा. एवढं झालं तर पुढच्या वेळी भाची तोच फोन आईसाठी मागवेल, आणि मामांना हरकत घ्यायला कारण उरणार नाही.